दप्तर, दस्तुर आणि परवल : यवतमाळ जिल्ह्याच्या जमीन-नोंदींतील लेखनाधिकाराचा इतिहास

एकाच नोंदीवर अनेकांचे हात पडू लागले की त्या नोंदीभोवती अधिकाराची कुंपणे उभी राहतात. ती कोणी पाहावी, तीत कोणी लिहावे आणि लिहिलेले खरे म्हणून कोणी मान्य करावे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मेजावरील संगणक तारांनी एकमेकांना जोडले जाऊ लागले आणि एका संगणकावरील डेटाबेस शेजारच्या संगणकावरून उघडता येऊ लागला, तेव्हा हाच प्रश्न ‘वापराची परवानगी’ व ‘पासवर्ड’ या नावांनी नव्याने उपस्थित झाला. तो संगणकाबरोबरच जन्मास आला, अशी समजूत सामान्यतः आढळते. वस्तुतः महाराष्ट्रातील गावच्या चावडीला हा प्रश्न फार पूर्वीपासून ठाऊक होता, आणि चावडीने त्याला दिलेले उत्तर मेजावरच्या डेटाबेसच्या पहिल्या पिढीने दिलेल्या उत्तराहून अधिक पक्के होते. यवतमाळ जिल्ह्यातील जमीन-नोंदींच्या इतिहासाच्या आधारे या विधानाची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम शब्दांकडे पाहणे सोयीचे ठरेल. पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. अलीकडे ‘संकेतशब्द’ही रूढ झाला आहे. ‘परवल’ हा मूळचा छावणीतला शब्द. रात्री पहाऱ्यावरून आत येऊ पाहणाऱ्याने उच्चारावयाची ती खूण. युरोपीय फौजांतील ‘पॅरोल’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते आणि ते पटण्याजोगे आहे. कवायती फौजांबरोबर मराठीत उतरलेल्या ‘पलटण’सारख्या शब्दांच्या मेळ्यात तो सहज बसतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, परवल ही माणसाची ओळख नव्हे. ज्याला ती ठाऊक तो आपल्या पक्षाचा, एवढेच ती सांगते. साऱ्या छावणीची परवल एकच असते. पहारेकऱ्याला येणाऱ्याच्या नावाशी कर्तव्य नसते, आणि आत गेल्यावर त्याने काय करावे याविषयी परवल काहीच सांगत नाही.

दप्तराची परिभाषा निराळी आहे. ‘दप्तर’ हा शब्द फारसीतून आला आणि फारसीच्याही मागे गेल्यास ग्रीक ‘डिफ्थेरा’ म्हणजे कातडे येथपर्यंत तो पोचतो. ‘शिक्का’, ‘मोर्तब’, ‘रुजू’, ‘दस्तुर’, ‘परवानगी’ हे सगळे शब्द लेखावर उमटणाऱ्या खुणांचे आहेत, लेखापर्यंत पोचण्याच्या वाटेचे नव्हेत. फारसीत ‘दस्तूर’ म्हणजे रीत अथवा नियम; मराठी पत्रव्यवहारात मात्र ‘दस्तुर खुद्द’ म्हणजे स्वतःच्या हातचे अक्षर. या अर्थांतरामागे ‘दस्त’ म्हणजे हात हा शब्द असावा. पेशवेकालीन कागदांत ‘परवानगी रूबरू’ असा शेरा आढळतो. समक्ष मिळालेल्या आज्ञेवरून ही नोंद झाली, असा त्याचा अर्थ. परवानगी ही त्या काळी लेखकाच्या खिशात असलेली किल्ली नव्हती; ती नोंदीच्या शेवटी लिहून ठेवावयाची बाब होती. या एका भेदाभोवती पुढचे सारे विवेचन फिरते.

मराठ्यांच्या राजपत्रांची रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. मजकूर कारकुनाच्या हातचा; आरंभी अथवा मस्तकी राजाची किंवा प्रधानाची मुद्रा; अखेरीस मर्यादा सांगणारी छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. मोर्तब झाल्यावर त्याखाली एक अक्षरही वाढविता येत नसे, कारण वाढविलेले अक्षर मर्यादेच्या बाहेर पडलेले उघड दिसे. लांब कागद चिकटवून केलेला असल्यास जोडाच्या पाठीमागे शिक्का उठवीत, म्हणजे मधला तुकडा बदलू गेल्यास शिक्क्याचे दोन भाग जुळत नसत. शिवाय ‘सुरू सूद’, ‘बार’ यांसारखे शेरे तो कागद दप्तराच्या कोणकोणत्या टप्प्यांतून गेला हे सांगत. एका कागदावर चार-पाच हातांची अक्षरे असत. खोटा कागद करणाऱ्याला एक गुपित फोडून भागत नसे. त्याला पाच माणसे फोडावी लागत.

गावपातळीवर हीच रीत अधिक साध्या रूपात नांदत होती. वतनाचा तंटा गोतापुढे आला म्हणजे निवाड्याचा महजर होई आणि त्यावर जमलेल्यांच्या साक्षी पडत. लिहिता न येणारा पाटील आपल्या नावापुढे नांगर काढी. ‘निशाणी नांगर’ हे शब्द जुन्या कागदांत पदोपदी भेटतात. नांगर कोणालाही काढता येतो, तो गुप्त मुळीच नव्हे. त्याचे बळ गुप्ततेत नव्हते. तो काढला जात असताना भोवती बसलेल्या माणसांत होते.

वऱ्हाडात या व्यवस्थेला एक विशेष पीळ पडला होता. अठराव्या शतकात या प्रांतावर निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोन सत्तांचा अंमल होता. वसुलाची वाटणी दोघांत होई. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क संपला. तोवर गावच्या पाटील-पांड्यांना आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना दोन्ही सत्तांच्या अंमलदारांना तोंड द्यावे लागे. एकाच दप्तराचे दोन धनी, आणि दोघांचे हितसंबंध परस्परविरुद्ध, असा हा प्रकार होता. अशा स्थितीत लिहिणारा आणि वसूल करणारा निराळे असणे ही केवळ सोय राहत नाही. दोघा धन्यांना दप्तरावर विश्वास ठेवता यावा, याची ती पूर्वअट असते. पाटील हुकूम चालवी, पांड्या लिही. पाटलाच्या हाती लेखणी नव्हती आणि पांड्याच्या हाती अंमल नव्हता.

१८५३ साली वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात आले. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली आणि १८६४ मध्ये यवतमाळ हे ठाणे असलेला स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्याला प्रथम आग्नेय वऱ्हाड व नंतर वणी गावावरून ‘वून’ असे नाव होते. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला व जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. मोजणीने प्रत्येक शेताला क्रमांक दिला. तोवर शेत धुऱ्याच्या, नाल्याच्या, शेजाऱ्याच्या नावाने ओळखले जाई. आता ते आकड्याने ओळखले जाऊ लागले. नोंदीच्या इतिहासात हा बदल मोठा आहे, कारण पुढे संगणकाला जी ‘किल्ली’ लागते ती, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव खूण, येथेच तयार झाली. पाटील आणि पटवारी मात्र राहिले. १९०० च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने त्यांचे वतनी हक्क व कर्तव्ये नियमांत बसविली.

पटवाऱ्याची लिपी मोडी होती, ही गोष्ट लेखनाधिकाराच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत. बाळबोध वाचणाऱ्यालाही पटवाऱ्याचा कागद पटवाऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागे. चावडी उघडी होती, दप्तर उघडे होते, तरी लिपीचे कुलूप होते. ‘पटवाऱ्याची लेखणी’ या शब्दांत खेड्यापाड्यांत जी धास्ती भरलेली असे तिचे एक कारण या लिपीत होते. जुन्या व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांनी ही बाजू सहसा सांगितलेली नसते. लिहिणारे व प्रमाणित करणारे हात वेगळे असले, तरी वाचणारे डोळे फार थोडे होते.

राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ प्रथम मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीचे वतन संपले आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या कलम १५० मध्ये जुनी चावडी जवळजवळ जशीच्या तशी आढळते. हक्कात बदल झाल्याची वर्दी मिळताच तलाठी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घेतो. त्याच वेळी त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावतो आणि हितसंबंधितांना लेखी सूचना देतो. कोणी हरकत घेतल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार तलाठ्याला नाही. तो वरच्या अधिकाऱ्याचा, व्यवहारात बहुधा मंडळ अधिकाऱ्याचा. प्रमाणित झालेली नोंद सातबाऱ्यावर उतरते आणि कलम १५७ अन्वये विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे लिहिणारा एक, जाहीर होण्याची जागा दुसरी, हरकत घेणारे तिसरे आणि मान्य करणारा चौथा. या साखळीत गुप्त असे काहीच नाही.

या साखळीची एक कडी तुटली तर काय होते, हे यवतमाळसारख्या जिल्ह्यात निराळे सांगावयास नको. सातबाऱ्यावरील भूधारणेच्या रकान्यात ‘वर्ग १’ ऐवजी ‘वर्ग २’ एवढा एका अंकाचा फरक पडला, तर जमीन सहज विकता येते की सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, हे बदलते. गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासी समाजांची वस्ती जिल्ह्यात मोठी आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर संहितेने जे निर्बंध घातले आहेत ते अमलात येण्यासाठीही नोंद बरोबर असावी लागते. डिसेंबर २००५ नंतर शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा मृताच्या किंवा कुटुंबीयाच्या नावे जमीन असणे ही पात्रतेची एक अट होती. ठेक्याने दुसऱ्याची जमीन कसणारा, किंवा वारसनोंद न झाल्याने बापाच्याच नावावरील तुकड्याचा नांगरधारी, कागदोपत्री शेतकरी ठरतो की नाही याचा निर्णय त्या एका ओळीवर येऊन ठेपे. अशा ओळीत लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तंत्रज्ञांवर सोपवून देण्याजोगा नाही.

आता संगणकाकडे वळावयास हरकत नाही. संगणकातील पासवर्डचा ज्ञात आरंभ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत झाला. फर्नांडो कोरबाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची प्रणाली दाखविली. प्रत्येकाला यंत्राचा ठरावीक वेळ मिळे व आपले कागद दुसऱ्याच्या नजरेआड ठेवता यावेत म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द असे. त्यातली कच्ची बाजू वर्षभरातच उघडकीस आली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला मिळणारा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा १९६२ मध्ये त्याने सर्वांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेण्याची विनंती यंत्राकडे केली आणि यंत्राने ती निमूटपणे पुरी केली. पुढे १९६६ च्या सुमारास दोन फाइलींची अदलाबदल होऊन सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या पडद्यावर दिवसाच्या सूचनेऐवजी उमटले. परवल लिहून ठेवली की ती स्वतःच एक दप्तर बनते आणि त्या दप्तरालाही राखणदार लागतो. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात यावरचा उपाय सविस्तर मांडला : शब्द न ठेवता त्याचे असे रूपांतर ठेवावे की ज्यावरून मूळ शब्द काढता येऊ नये. ही प्रगती खरी आहे. परंतु ती पहारेकऱ्याची प्रगती होती, दप्तराची नव्हे.

मेजावरील संगणक आला तेव्हा पहारेकरीही उरला नाही. एका माणसाचे एक यंत्र, मग परवल कोणाला विचारावयाची? डीबेसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत अनेक वापरकर्त्यांची कल्पनाच नव्हती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर, कार्यालयातील यंत्रे जोडली जाऊ लागल्यावर, डीबेस-तीन-प्लसमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाची सोय आली. वापरकर्त्यांचे गट पाडता येत, प्रत्येकाला एक ते आठ यांपैकी एक अधिकार-पायरी देता येई आणि कोणत्या पायरीवरच्या माणसाने कोणता रकाना नुसता पाहावा, कोणता बदलावा, हे ठरविता येई. फाइलीतील मजकूरही सांकेतिक करून ठेवला जाई. रकान्यागणिक अधिकार ही कल्पना चावडीच्या अगदी जवळची आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच घराण्यातील फॉक्सप्रो मात्र वेगवान असूनही या बाबतीत कोराच राहिला. एकाच ओळीवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून ओळ अडवून धरण्याची सोय त्यात होती; कोण लिहितो आहे हे विचारण्याची नव्हती.

नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसने हा प्रश्न बराच खोलात जाऊन हाताळला, आणि म्हणून त्यातील उणीव अधिक बोधप्रद आहे. ॲक्सेसमध्ये वापरकर्त्यांची व गटांची नावे आणि त्यांचे पासवर्ड एका स्वतंत्र ‘कार्यगट’ फाइलीत असत. कोणत्या तक्त्यावर कोणाचा कोणता अधिकार, हे मुख्य डेटाबेसमध्ये असे. पाहणे, भरणे, दुरुस्त करणे, पुसणे, रचना बदलणे असे अधिकार निरनिराळे देता येत. कागदावर हे सगळे नेटके होते. प्रत्यक्षात दोन छिद्रे होती. पहिले असे की, प्रत्येक नव्या स्थापनेत ‘ॲडमिन’ नावाचा एक वापरकर्ता आयताच असे, त्याला आरंभी पासवर्ड नसे आणि त्याची आतील ओळखखूण जगातील प्रत्येक ॲक्सेसमध्ये एकच असे. डेटाबेसची मालकी त्याच्याकडून काढून दुसऱ्या नावावर केली नाही, तर कोणीही आपल्या घरच्या संगणकावरील मूळ कार्यगट-फाइल घेऊन ‘ॲडमिन’ म्हणून आत शिरे. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर सगळ्या गावांच्या पाटलांचा शिक्का एकाच साच्यातून काढलेला होता.

दुसरे छिद्र मूळ रचनेतच होते. असा डेटाबेस म्हणजे जाळ्यावरील सामायिक कप्प्यात ठेवलेली एक फाइल. ती राखणारा कोणी मध्यस्थ नसतो. प्रत्येकाच्या मेजावरील यंत्र ती फाइल स्वतः उघडून तीत लिहिते. तेव्हा ज्याला एका तक्त्यातील एका रकान्यात एक आकडा भरावयाचा आहे त्यालाही त्या सबंध फाइलीवर, नव्हे त्या कप्प्यावर, वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार द्यावा लागे. कारण कोण काम करीत आहे हे नोंदविणारी लहानशी कुलूप-फाइल त्याच कप्प्यात निर्माण व्हावी लागे व शेवटचा माणूस बाहेर पडताच पुसली जावी लागे. एका ओळीत लिहिणाऱ्याच्या हाती अवघे दप्तर सोपविण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते तो नकलून घरी नेऊ शके, जुन्या नकलेने नवे झाकू शके. डेटाबेसच्या आतील सूक्ष्म परवानग्या म्हणजे भिंती नसलेल्या वाड्याला बसविलेले कोरीव दरवाजे होते. त्या काळातील ॲक्सेसचा सबंध फाइलीला लावावयाचा पासवर्ड तर फाइलीच्या आरंभीच इतक्या सोप्या रीतीने झाकलेला असे की, तो उकलण्याची साधने सर्रास मिळत. अखेर ॲक्सेस २००७ च्या नव्या स्वरूपाच्या फाइलींतून वापरकर्त्यागणिक अधिकारांची ती व्यवस्थाच काढून टाकण्यात आली. उरला तो सबंध फाइलीचा एक पासवर्ड, या वेळी खऱ्याखुऱ्या सांकेतिकीकरणासह. म्हणजे पुन्हा साऱ्या छावणीची एक परवल.

नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदी कागदावरून संगणकावर येत होत्या. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातील आठ जिल्ह्यांत आरंभिला. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. वर्धा व यवतमाळ यांच्यामध्ये एक नदी आहे, पण त्या नदीने दोन महसुली परंपरा विभागल्या होत्या. पलीकडे मध्य प्रांतातील मालगुजारी, ती १९५१ मध्ये संपली. अलीकडे वऱ्हाडातील रयतवारी. दोन्हींकडचे कागद आता एकाच नमुन्यात बसवावयाचे होते. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांत पसरली आणि तालुक्या-तालुक्याच्या कचेरीत माहिती भरली जाऊ लागली. यवतमाळ जिल्ह्याचे आज सोळा तालुके आहेत. तालुक्याचे दप्तर तालुक्याच्या यंत्रावर, अशी ती अवस्था होती.

भाषेच्या अभ्यासकाला या अवस्थेत आणखी एक गोष्ट दिसते. देवनागरीसाठी भारतीय मानक संस्थेची संकेतावली १९९१ मध्ये निश्चित झाली आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या तंत्राने मराठी अक्षरे पडद्यावर आली. तरी वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड सामान्यतः रोमन अक्षरांतच राहिले. मोडीचे कुलूप गेले होते, त्याच्या जागी रोमनचे आले. खातेदाराचे नाव तर निराळ्याच अडचणीत सापडले. जुना पटवारी ‘मडावी’ आणि ‘मडावि’ ही एकाच माणसाची नावे समजे, कारण मोडीत त्यांत भेदच नव्हता. यंत्राला ती दोन माणसे वाटतात. युनिकोड आल्यावर हा घोळ मिटावयास हवा होता, पण तो पुरता मिटला नाही. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्यावा. त्यातील अर्धा र नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून साठविता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह लावूनही साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच. यंत्राला नुसत्या तुलनेत ती भिन्न. हे अक्षर असलेल्या आडनावाचा शोध एका रूपाने घेतला तर दुसऱ्या रूपातील खाते सापडेलच असे नाही, आणि पासवर्डात ते आले तर बरोबर शब्द टंकूनही दार उघडणार नाही. परवल म्हणजे ठाऊक असलेला शब्द, ही व्याख्या येथे लंगडी पडते.

असो. महत्त्वाचा प्रश्न हा की, संहितेतील चार टप्प्यांची साखळी यंत्रात उतरविण्यास काय लागले. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात येऊन डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली. २०१० नंतरच्या दशकात राज्यात ई-फेरफाराची पद्धत आली आणि तालुक्याची स्वतंत्र दप्तरे हळूहळू मध्यवर्ती यंत्रणेकडे गेली. या पद्धतीत तलाठ्याच्या मेजावरील यंत्र नोंदीच्या फाइलीला स्वतः हात लावीत नाही. ते मध्यवर्ती यंत्रणेकडे विनंती पाठविते, आणि विनंती करणारा कोण व त्याचा अधिकार किती, हे पाहून ती यंत्रणा लिहिते. तलाठी, म्हणजे २०२४ नंतरच्या शासकीय भाषेत ग्राम महसूल अधिकारी, नोंद भरतो. मंडळ अधिकारी आपल्या डिजिटल स्वाक्षरीने ती प्रमाणित करतो. डिजिटल स्वाक्षरीचे गणित कितीही गहन असले तरी तिचे कार्य मोर्तबाचे आहे. मजकुरातील एक अक्षर बदलले की स्वाक्षरी जुळत नाही, जसे जोडावरच्या शिक्क्याचे दोन भाग जुळत नसत. पासवर्ड येथेही आहे, परंतु त्याचे काम दारापुरते राहिले. नोंदीचा खरेपणा त्याच्यावर अवलंबून राहिला नाही. अर्थात स्वाक्षरीचे साधन आणि त्याचा पासवर्ड ही दोन्ही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली, तर साखळीच्या दोन कड्या एकाच मुठीत येतात. हे थांबविण्याची शक्ती गणितात नाही.

म्हणूनच या स्थित्यंतराच्या काळातील एका घटनेला या इतिहासात विशेष स्थान द्यावयास हवे. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातील सातबारा यांत तफावती राहिल्या होत्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातून काढलेले उतारे गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचावयाचे आणि हरकती नोंदवून घ्यावयाच्या. लक्षावधी रुपयांची यंत्रे बसविल्यावर नोंद खरी आहे की नाही हे ठरविण्यासाठी शासनाला ती पुन्हा चावडीवर आणून वाचावी लागली, यात कमीपणा काहीच नाही. यंत्राला अधिकृत माणसाने लिहिलेली चूक आणि अधिकृत माणसाने लिहिलेले सत्य यांतील भेद कळत नाही. तो शेजारच्या शेताच्या मालकाला कळतो. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, आणि फेरफाराच्या सूचना महाजालावर दाखविणाऱ्या फलकाला शासनाने ‘आपली चावडी’ असेच नाव दिले. नावाची ही निवड भाषिक दृष्ट्या सार्थ आहे, पण जुन्या चावडीत सूचना न शोधता कानावर येई, नव्या चावडीत जिल्हा, तालुका आणि गाव निवडून ती शोधावी लागते.

यापुढची पायरी १५ ऑगस्ट २०२१ रोजी पडली. त्या दिवशी राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि गाव नमुना बारामधील पिकाचा रकाना स्वतः खातेदाराने भ्रमणध्वनीवरून भरावयाचा ठरला. कापूस, तूर, सोयाबीन यांपैकी शेतात काय उभे आहे हे आजवर पटवारी व तलाठी लिहीत. सरकारी दप्तरातील एका रकान्याची लेखणी प्रथमच शेतकऱ्याच्या हाती आली. शेताच्या जागेवर उभे राहून छायाचित्र काढावयाचे आणि त्यातील काही नोंदी तलाठ्याने पडताळावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. लिहिणारा आणि मान्य करणारा येथेही वेगळेच राहिले. आत शिरण्यास मात्र अंकांची परवल लागे, आणि ती ज्याच्या हाती योग्य भ्रमणध्वनी असेल त्याला पुरे होई. घरोघरी असा भ्रमणध्वनी असणार नाही हे गृहीत धरून एकाच भ्रमणध्वनीवरून अनेक खातेदारांची नोंदणी करण्याची मुभा नियमांतच ठेवलेली होती. केळापूर वा झरी जामणीसारख्या दूरच्या तालुक्यांतील एखाद्या पोडावर लिहिता-वाचता येणारा एक मुलगा आणि त्याच्याजवळचा एक भ्रमणध्वनी असेल, तर साऱ्या वस्तीची पिके त्याच्याच हाताने दप्तरात चढण्यास नियमांची आडकाठी नव्हती. फेरफाराच्या नोंदीखाली तलाठ्याचे नाव येते, प्रमाणनाखाली मंडळ अधिकाऱ्याचे. येथे नोंद ज्याच्या नावे चढे तो खातेदार; भरणाऱ्या मुलाचा दस्तुर कोठेच उमटत नसे.